अठरा विसे : दारिद्र्याच्या मापांचा इतिहास

‘त्याच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते’ हे वाक्य आपणांपैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा फळ्यावर लिहिले असेल, आणि ‘अतिशय दारिद्र्य’ एवढाच अर्थ विद्यार्थ्यांस सांगून आपण पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो असू. ह्या शब्दाची फोड अशी सांगतात, की ‘विश्वे’ हे मूळचे ‘विसे’. अठरा विसे म्हणजे तीनशे साठ. आणि वर्षाच्या तिथी तीनशे साठ. ज्याच्या घरी वर्षातील एकही तिथी दारिद्र्यावाचून जात नाही, त्याचे दारिद्र्य अठरा विसे. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर आपल्या भाषेने दारिद्र्याचे एक मापच सांगून ठेवले आहे असे म्हणावे लागते. ते माप रुपयांचे नाही, धान्याचेही नाही. ते दिवसांचे आहे. कोणाच्या घरी दोन विसे दारिद्र्य असेल, कोणाच्या घरी नऊ विसे, आणि कोणाच्या घरी अठरा.

गेल्या दीडशे वर्षांत दारिद्र्य मोजण्याचे जे शास्त्रीय प्रयत्न झाले, त्यांत हे दिवसांचे माप फारसे कोणी वापरले नाही. रुपये मोजले गेले, उष्मांक मोजले गेले, घराच्या भिंती आणि अंगावरचे कपडेही मोजले गेले. ह्या प्रयत्नांपैकी काही अत्यंत महत्त्वाचे प्रयत्न मुंबई-पुण्याच्या परिसरात झाले. त्यांचा इतिहास संक्षेपाने सांगावा, आणि प्रत्येक मापाने काय पाहिले व काय पाहावयाचे सोडले ह्याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय केवळ अर्थशास्त्रज्ञांचा आहे असे आम्हांला वाटत नाही. माप बदलले की गरीब कोण ह्याचे उत्तर बदलते, आणि ते उत्तर बदलले की कोणाच्या घरी स्वस्त धान्य जाणार आणि कोणाच्या घरी जाणार नाही, हेही बदलते.

आरंभ दादाभाई नौरोजींपासून केला पाहिजे. दादाभाई १८७४ मध्ये बडोद्यास मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. तेथून मोकळे झाल्यावर १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. देश गरीब आहे असे त्यापूर्वीही अनेकांनी म्हटले होते. दादाभाईंनी विचारलेला प्रश्न निराळा होता : माणसास नुसते जगावयास वर्षाला किती रुपये लागतात, आणि ह्या देशात माणशी उत्पन्न किती आहे? दुसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर, १८६७-६८ च्या आकड्यांवरून, वर्षाला सुमारे २० रुपये असे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी जी साधने वापरली, ती आजही विचार करावयास लावतात.

त्यांनी दोन सरकारी दाखले घेतले. पहिला समुद्रपार जाणाऱ्या करारबद्ध मजुरांच्या शिध्याचा. जहाजावरील प्रवासात ह्या मजुरांस किती अन्न द्यावे, हे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवून दिले होते. तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ असा तो शिधा होता. दुसरा दाखला तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाचा. ह्या दोहोंवरून प्रांतोप्रांतीच्या भावांप्रमाणे हिशेब करून दादाभाईंनी जगण्याचा किमान खर्च माणशी वार्षिक १६ ते ३५ रुपये ह्या मर्यादांत बसविला. निष्कर्ष उघड होता. सरकार आपल्या कैद्यास जे देते, तेवढेही त्याच्या मोकळ्या प्रजाजनाच्या वाट्यास पुरतेपणी येत नव्हते. आणि जहाजावरील शिधा तर काही काम न करता स्वस्थ बसून प्रवास करणाऱ्यांसाठी होता. शेतात राबणाऱ्यास त्याहून अधिक लागणार, हेही दादाभाईंनी नजरेस आणून दिले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दादाभाईंचे माप हे आरोपपत्राचे माप होते. सरकारच्याच कागदांतून सरकारला दोषी ठरवावयाचे, म्हणून त्यांनी मुद्दाम कमीत कमी गरज धरली. हा मुद्दा इतका खालून मांडला होता की तो कोणास नाकारता येऊ नये. वादातील ही युक्ती बिनतोड होती. परंतु तिच्यातून एक पायंडाही पडला. दारिद्र्याची मोजणी म्हणजे जिवंत राहण्यास लागणाऱ्या शिध्याची किंमत, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. पुढे राज्य आपले झाले, आरोपपत्राची गरज उरली नाही. तरी मापाचा तो खालचा काटा मात्र तसाच राहिला.

दादाभाईंचे हे लेखन १९०१ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाले. त्याच वर्षी इंग्लंडात सीबोम राउंट्री ह्यांचा यॉर्क शहरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवराबायको व तीन मुले अशा कुटुंबास केवळ शरीरस्वास्थ्य टिकविण्यासाठी आठवड्यास २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांचा हिशेब होता. यॉर्कच्या लोकसंख्येपैकी २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांतील ९.९१ टक्क्यांची मिळकतच ह्या रकमेहून कमी होती. उरलेल्यांची मिळकत कशीबशी पुरेल एवढी होती, पण ती अन्यत्र खर्च होऊन घरी उणीव पडत होती. राउंट्रींनी स्वतःच कबूल केले होते की आपल्या हिशेबात वर्तमानपत्रास पैसा नाही, गाडीभाड्यास नाही, पत्राच्या तिकिटासही नाही. पुढे १९३६ मध्ये ह्याच गृहस्थांनी ह्याच शहराची पुन्हा पाहणी केली, तेव्हा वर्तमानपत्र, रेडिओ व थोडी करमणूक ह्यांचा समावेश त्यांनी गरजांत केला. पस्तीस वर्षांत माणसाचे पोट बदलले नव्हते. समाजात माणूस म्हणून वावरावयास काय लागते, ह्याची कल्पना बदलली होती.

आपल्याकडे शिध्याच्या हिशेबापेक्षा निराळी अशी एक दृष्टी त्याच सुमारास उमटली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात कुणब्याच्या घराचे जे वर्णन आहे ते साहित्यदृष्ट्या आपण वाचतो. पण ती एक प्रकारची पाहणीच आहे. घराची अवस्था काय, अंगावर काय, पानात काय, डोक्यावर कर्ज किती आणि ते कोणाचे, हे सारे जोतीराव पाहतात. त्यांच्या लेखी दारिद्र्य ही वस्तूंची उणीव आहे, तशीच ती भट, सावकार व सरकारी अंमलदार ह्यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाची लाचारीही आहे. ही दुसरी बाजू आकड्यांत मांडणे अवघड, म्हणून ती पुढे पुष्कळ काळ आकड्यांबाहेरच राहिली.

तिच्या जवळ जाणारा एक प्रयत्न पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान ह्यांनी केला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाचा अभ्यास त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला; पुढे ना. वि. कानिटकर ह्यांच्या साहाय्याने केलेला जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये आला. आज पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे ते एके काळी दख्खनच्या खेड्याचे नमुनेदार उदाहरण म्हणून निवडले गेले होते हे खरेही वाटत नाही. मान ह्यांनी गावातील कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. ज्यांचे शेतीवरच भागते ते पहिले. बाहेरची मजुरी किंवा नोकरी जोडल्यावर ज्यांचे भागते ते दुसरे. आणि दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही ते तिसरे. ‘भागते’ ह्याची कसोटी त्यांनी प्रयोगशाळेतून आणली नाही, तर त्या गावच्या राहणीस काय खर्च येतो हे गावातच विचारून ठरविली, आणि कर्जाचा बोजाही हिशेबात धरला. दोन्ही गावांत तिसरा वर्गच सर्वांत मोठा निघाला. देशाचा सरासरी आकडा जे सांगू शकत नव्हता, ते ह्या पद्धतीने सांगितले. कुटुंब कशामुळे टिकते आणि कशामुळे कोसळते, हे तिने दाखविले. मात्र अशा पाहणीस वेळ लागतो, माणसे लागतात, आणि गावागणिक कसोटी बदलते. ज्या राज्यकर्त्यांस सबंध देशासाठी एकच आकडा हवा असतो, त्यांच्या ती उपयोगाची नसते.

स्वातंत्र्यानंतर असा आकडा हवा झाला. १९६२ मध्ये नियोजन आयोगाने नेमलेल्या एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या भावांनी माणशी दरमहा २० रुपये हा किमान खर्च ठरविला. गटात धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. ह्या २० रुपयांत शिक्षण व आरोग्य ह्यांचा खर्च धरलेला नव्हता. कारण उघड व सद्भावनेचे होते : संविधानाच्या आदेशाप्रमाणे ह्या दोन गोष्टी राज्य पुरविणार होते. तेव्हा गरिबाने त्यासाठी खिशात हात घालण्याचे कारण नाही, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काय झाले ते आपण पाहणार आहोत.

ह्यानंतरचे पाऊल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत पडले. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माणशी दररोज २,२५० उष्मांक ही कसोटी घेतली. राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांचा प्रत्यक्ष खर्च नोंदलेला होता. त्यावरून किती खर्च करणाऱ्या घरात एवढे उष्मांक पोटात जातात हे त्यांनी शोधले. उत्तर आले : ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये, शहरांत २२.५० रुपये. ह्या रेषेखाली १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक होते. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या नित्य वापरात रुळला तो ह्या काळात.

दांडेकर-रथांच्या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या पारदर्शकतेत होते. काय मोजले आणि कसे मोजले, हे कोणासही तपासता येत होते. म्हणूनच तिच्यावर जो सर्वांत गंभीर आक्षेप आला, तोही तिच्याइतकाच स्पष्ट होता. आणि तो पुण्यातूनच आला. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. संख्याशास्त्रात जगन्मान्य, रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निवृत्त होऊन ते पुण्यास आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उष्मांकांची जी शिफारस आहाराचे तज्ज्ञ करतात ती सरासरी असते. निरोगी माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांची गरज ह्या सरासरीहून कमीच असते. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचे खाणेही रोज सारखे नसते. ते आठवड्यागणिक खालीवर होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. मग सरासरीच्या खाली आला तो उपाशी, असे म्हणणे हा संख्याशास्त्रीय दोष होय. रेषा सरासरीवर न आखता सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली आखली पाहिजे. तसे केले की उपाशी लोकांचे प्रमाण पुष्कळच घटत होते.

१९८१ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधून दांडेकर व सुखात्मे ह्यांचा हा वाद जाहीरपणे झाला. त्याचे तांत्रिक अंग येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही बाजूंचे मर्म सांगितले पाहिजे. दांडेकरांच्या बाजूने असे म्हणता येते की आपण एकेका व्यक्तीचे शरीर तपासत नसून लोकसमूहांची तुलना करीत आहो. ज्या वर्गाची सरासरीच खाली आहे, त्या वर्गास अन्न अपुरे पडते, हे मानण्यास ते पुरेसे आहे. शिवाय शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते फुकट नव्हे. मुलाची वाढ खुंटते, मजुराचे काम घटते. सुखात्म्यांच्या बाजूने असे म्हणता येते की त्यांचा आग्रह गरिबांची संख्या कमी दाखविण्यासाठी नव्हता. पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही, कारण पाणी घाण आहे, शौचाची व्यवस्था नाही, मूल सतत जुलाबाने आजारी आहे. तेव्हा केवळ धान्य वाढवून भागणार नाही, असे ते सांगत होते. शौचालय व पिण्याचे पाणी ही दारिद्र्याच्या मापात बसली पाहिजेत, ही आज सर्वमान्य झालेली गोष्ट त्या वादाच्या पोटात होती. वादात गुंतलेल्या अनेकांस ती तेव्हा दिसली नाही.

ह्याच काळात महाराष्ट्रात दारिद्र्य ओळखण्याची आणखी एक रीत प्रत्यक्षात आली, तिला मात्र कोणी माप म्हटले नाही. दांडेकर-रथांनी गरिबांसाठी सार्वजनिक कामांचा मोठा कार्यक्रम सुचविला होता. त्याच सुमारास, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे ह्यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ह्या योजनेत कोणाचे उत्पन्न विचारले जात नव्हते. जो उन्हात खडी फोडावयास येईल त्यास काम, एवढाच नियम. गरीब कोण हे कचेरीने ठरवावयाचे नसून ते ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. अर्थात ही रीतही अपुरी होती. म्हातारा, आजारी, बाळंतीण ह्यांस खडी फोडता येत नाही, आणि दारिद्र्यात तर हेच आधी येतात. पण वर्षातून किती दिवस माणसाला असे काम मागावे लागते, हा प्रश्न तिने नोंदवहीत आणला. अठरा विशांच्या हिशेबाजवळ जाणारी ही पहिली सरकारी नोंद होय, असे आम्हांला वाटते.

रेषा मात्र दुसऱ्या वाटेने पुढे गेली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरांसाठी २,१०० उष्मांक धरून १९७३-७४ च्या भावांनी दरमहा ४९.०९ व ५६.६४ रुपये अशी रेषा आखली. पुढील तीन दशके हीच रेषा भाववाढीप्रमाणे वर सरकवली गेली. १९९३ मध्ये लकडावाला गटाने राज्यवार भाव लावून ती सुधारली, एवढेच. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. एक, राज्य पुरविणार म्हणून ज्या खर्चाचा विचार १९६२ मध्ये सोडून दिला होता, तो शाळेचा व दवाखान्याचा खर्च गरिबाच्या खिशातून जाऊ लागला. रेषेस त्याची दाद नव्हती. दुसरी, १९९७ मध्ये स्वस्त धान्य सर्वांसाठी न राहता रेषेखालील व रेषेवरील अशी त्याची विभागणी झाली. तोवर रेषा हे पाहण्याचे साधन होते. आता ती दारावरचा पहारेकरी झाली. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, आणि माणसाच्या दारिद्र्याला रंग मिळाला.

पिवळी कोणास द्यावी हे ठरविण्यासाठी घरोघर मोजणी आवश्यक झाली. २००२ च्या ग्रामीण मोजणीत १३ प्रश्न होते. जमीन, घर, प्रत्येकी कपडे किती, दोन वेळचे जेवण वर्षभर मिळते की नाही, शौचाची सोय, शिक्षण, कर्ज, स्थलांतर, अशा प्रत्येक प्रश्नास ० ते ४ गुण, एकूण ५२. कल्पना चांगली होती. जेवणाच्या प्रश्नात तर वर्षातील टंचाईचा काळही विचारला होता. पण सारे गुण एकत्र मिळवले की जेवणाची उणीव आणि कपड्यांची उणीव सारखीच ठरते; एका प्रश्नात मिळालेले चार गुण दुसऱ्या प्रश्नातली उपासमार झाकून टाकतात. शिवाय राज्यागणिक गरिबांची संख्या नियोजन आयोगाच्या अंदाजाशी जखडलेली होती. गावात दारिद्र्य कितीही असो, यादी तेवढ्यातच बसवावयाची. न. चं. सक्सेना ह्यांच्या समितीने २००९ मध्ये ह्या पद्धतीची तपासणी करून, पुष्कळ खरे गरीब यादीबाहेर राहिल्याचे नमूद केले.

त्याच वर्षी सुरेश तेंडुलकर ह्यांच्या तज्ज्ञगटाने उष्मांकांचा आधार सोडून दिला आणि शिक्षण व औषधोपचार ह्यांवरील खाजगी खर्च मापात घेतला. १९६२ चे ते गृहीतक सत्तेचाळीस वर्षांनी मागे घेतले गेले. परिणाम असा, की २००४-०५ मध्ये देशातील गरीब जुन्या मापाने २७.५ टक्के होते, ते नव्या मापाने ३७.२ टक्के ठरले. तरीही २०११ मध्ये, ग्रामीण भागात दररोज २६ व शहरांत ३२ रुपये खर्च करणारा गरीब नव्हे, असा ह्याच रेषेचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढील प्रतिज्ञापत्रातून जाहीर झाला, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे रंगराजन गटाने २०१४ मध्ये निराळी रेषा सुचविली. २०११-१२ ह्या एकाच वर्षासाठी तेंडुलकर पद्धतीने गरीब २१.९ टक्के, रंगराजन पद्धतीने २९.५ टक्के. दोन विद्वान गटांच्या मापांमध्ये जे अंतर पडले, त्यात ९ कोटींहून अधिक माणसे उभी होती.

ह्या पार्श्वभूमीवर पर्यायी मापांचा शोध समजून घेतला पाहिजे. सध्या सर्वांत प्रचारात असलेला पर्याय म्हणजे बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक. सबीना अल्कायर व जेम्स फॉस्टर ह्यांच्या पद्धतीवर आधारलेला हा निर्देशांक २०१० च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवविकास अहवालात प्रथम आला. आरोग्य, शिक्षण व राहणीमान अशी तीन अंगे. त्यांत पोषण, शाळा, इंधन, शौचालय, पाणी, वीज इत्यादी दहा गोष्टी. आणि ज्या घरात भारांकाने एकतृतीयांश गोष्टींची उणीव ते घर गरीब. नीती आयोगाने २०२१ मध्ये माताआरोग्य व बँकेचे खाते ह्यांची भर घालून बारा गोष्टींचा राष्ट्रीय निर्देशांक केला. त्यानुसार हे प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. सुखात्म्यांचे पाणी व शौचालय येथे मापात आले, हे समाधानाचे आहे. पण घरात शौचालय आहे, वीज आहे, बँकेत खाते आहे, आणि तरीही वैशाखात काम नाही, अशा घराविषयी हा निर्देशांक फारसे बोलत नाही.

दुसरा पर्याय अधिक साधा, आणि आमच्या मते अधिक मूलगामी आहे. तो असा, की गरिबासच विचारावे. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९८३ पासून घरोघर असा प्रश्न घातला : घरच्या सर्वांस दोन वेळचे पुरेसे जेवण वर्षभर मिळते, काही महिनेच मिळते, की कधीच मिळत नाही? ह्याच्या उत्तरांत ‘मिळत नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने उतरत गेले. आणि त्याच काळात ग्रामीण भागातील माणशी सरासरी उष्मांकही १९८३ मधील २,२४० वरून २००४-०५ मध्ये २,०४७ पर्यंत उतरले. उष्मांकांचे माप म्हणत होते उपासमार वाढली, माणसे म्हणत होती कमी झाली. कष्टाचे काम घटल्याने भूक घटली, की औषधपाण्याच्या खर्चाने ताटातले काढून घेतले, ह्यावर अर्थशास्त्रज्ञांत अजूनही मतभेद आहेत. दोन मापे विरुद्ध बोलू लागली की त्यांतील एकास खोटे ठरविण्याची घाई होते. पण पुष्कळदा ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात.

हे सर्वांत लख्खपणे दाखविले ते एन. एस. जोधा ह्यांनी. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू शेतीची जी आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था आहे, तेथे त्यांनी काम केले. ह्याच संस्थेने १९७५ पासून आपल्या सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील काही गावांत वर्षानुवर्षे मुक्काम करून कुटुंबांच्या नोंदी ठेवल्या आहेत. जोधा ह्यांनी राजस्थानातील दोन खेड्यांची १९६४-६६ मध्ये केलेली पाहणी १९८२-८४ मध्ये पुन्हा केली. ३६ कुटुंबांचे माणशी खरे उत्पन्न मधल्या काळात ५ टक्क्यांहून अधिक घटले होते. कोणत्याही रेषेच्या हिशेबाने ती अधिक गरीब झाली होती. मग त्यांनी गावकऱ्यांसच विचारले, की माणूस बरा चालला आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? गावकऱ्यांनी ३८ खुणा सांगितल्या. पायांत नेहमी जोडे असणे. माणसे व गुरे ह्यांस राहावयास निराळी जागा असणे. धन्याच्या जागेत न राहणे. बियाण्यासाठी धन्याकडे हात न पसरणे. घरातला कोणी सालदार नसणे. १९८८ मध्ये जोधा ह्यांनी जाहीर केले, की उत्पन्न घटलेली ती ३६ कुटुंबे ह्या ३८ पैकी ३७ खुणांनी सरासरी पूर्वीपेक्षा बरी होती. अपवाद एकच : घरात खाण्यास उरणारे दूध कमी झाले होते, कारण ते आता विकले जात होते.

ह्या ३८ खुणांकडे पाहिले म्हणजे जोतीरावांच्या कुणब्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गावकरी जे मोजत होते त्याचा बराच भाग पोटाचा नव्हता, पाठीच्या कण्याचा होता. कोणाच्या दारी वाकावे लागत नाही, हे त्यांच्या मापाचे एक मोठे परिमाण होते. आणि दुधाचा तो एक अपवादही विसरता येत नाही. ज्या घराचा मान वाढला, त्याच घरातल्या मुलाच्या वाटीतले दूध घटले. उत्पन्नाचे व उष्मांकांचे माप टाकून केवळ लोकांचे म्हणणे घेतले असते, तर मान दिसला असता आणि वाटी नजरेतून निसटली असती. केवळ उष्मांक घेतले असते, तर वाटी दिसली असती आणि मान निसटला असता. शिवाय माणूस आपल्या दैन्याशी मनानेही जुळवून घेतो. ज्याने पोटभर जेवण कधी पाहिलेच नाही, तो अर्ध्या पोटासही पुरेसे म्हणतो. तेव्हा गरिबाचे म्हणणे हे एकच माप असावे, असे आम्ही म्हणत नाही. ते मापांच्या रांगेत असावे, आणि शेवटी नसावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दीडशे वर्षांच्या ह्या इतिहासातून आम्हांला एक बोध घ्यावासा वाटतो. प्रत्येक माप कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे. दादाभाईंचा प्रश्न परक्या राज्यकर्त्यास होता, मान ह्यांचा खेड्यास, दांडेकर-रथांचा नियोजनकर्त्यांस, सुखात्म्यांचा संख्याशास्त्रास. त्यांतील कोणतेही माप अप्रामाणिक नव्हते. अनर्थ तेव्हा झाला, जेव्हा एका प्रश्नासाठी केलेले माप दुसऱ्याच कामास जुंपले गेले. देशाचा अंदाज करण्याची रेषा एकेका घराच्या शिधापत्रिकेवर ओढली गेली, आणि ‘राज्य पुरवील’ हे गृहीतक राज्याने पुरविणे सोडल्यावरही आकड्यात तसेच राहिले. माप कोणी, कशासाठी व काय गृहीत धरून केले, हे आकड्याबरोबर सांगण्याची प्रथा पडली, तर ह्यांतील पुष्कळ अनर्थ टळेल.

ह्यात भाषेच्या अभ्यासकांचेही काही काम आहे. मराठीत दारिद्र्यवाचक शब्द थोडे नाहीत, आणि ते एकमेकांचे नुसते पर्याय नाहीत. ‘हातावर पोट’ ह्यात मिळकतीची अनिश्चितता आहे; ‘ददात’ ह्यात अमुक एका वस्तूची उणीव आहे; ‘मिंधा’ ह्यात दुसऱ्याच्या उपकाराचे ओझे आहे; ‘अठराविश्वे’ ह्यात काळ आहे. अर्थशास्त्रास जी परिमाणे शंभर वर्षांनी सापडली, ती बोलीत आधीपासून निरनिराळी ठेवलेली होती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी बोलींत असे आणखी शब्द असतील. ते आपल्या विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या घरांतून व आजूबाजूच्या वस्त्यांतून गोळा करवावेत, आणि प्रत्येक शब्दाखाली तो माणूस नेमके काय मोजतो आहे हे लिहून ठेवावे, अशी आमची सूचना आहे. मग पुढच्या वर्षी ‘अठराविश्वे दारिद्र्य’ फळ्यावर लिहिताना, ‘अतिशय’ एवढा अर्थ सांगून आपल्याला पुढे जाता येणार नाही. ते किती दिवसांचे, असा प्रश्न वर्गातून येईल, आणि त्याचे उत्तर कदाचित मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलास आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल.